खंडेनवमीला ओढलेली पिन

मित्रांनो, मी पाळी गावच्या गौरेशच्या घरातला कॉम्प्युटर. जुना म्हणाल तर म्हणा, भंगार म्हणाल तर जीभ सांभाळा. डिचोलीच्या दुकानात स्क्रू पिळून मला जोडला, आणि खाणीची तांबडी धूळ गिळत मी इथे नऊ वर्षं राबतो आहे.

माझ्या पोटात देवकीची फुगडीची गाणी आहेत. देवकी म्हणजे गौरेशची आई. शाळा दोन इयत्ता, पण गाणी दोनशे. रोज दुपारी ती सांगायची, सून गौरवी टाइप करायची. दुसरीकडे कुठेच ती उतरवलेली नाहीत. पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा देवकी गावभर मान ताठ करून फिरली.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, भाजी चिरायची आडोळी, ट्रक, कुणीच राबत नाही. हळदकुंकू लावून घ्यायचं आणि गप्प बसायचं. त्या सकाळी गौरवी मला चालू ठेवून देवळात गेली, आणि मी स्वतःची यंत्रणा नवी करून घेऊ लागलो. पडद्यावर इंग्रजीत होतं, बंद करू नका. देवकीला दिसलं फक्त गरगरणारं चक्र. आजच्या दिवशीही राबतो मेला, म्हणत तिने भिंतीतली पिन ओढली. घास गिळताना कुणी गळा आवळावा, तसं झालं.

दसऱ्याला गौरवीने बटण दाबलं. मी उठलो, पडलो, पुन्हा उठलो, पुन्हा पडलो. मला जागं करणारी एक फाईल अर्धवट तुटली होती.

गौरेशने आधी माझ्या डोक्यावर थापा मारल्या. मग लाथ. मी टेबलावरून आपटलो, पत्रा चेपला. तेवढ्याने त्याचं भागलं नाही; मला हाताळायची गौरवी, म्हणजे बिघाडही तिचाच. "माझ्या आवशीची गाणी खाल्लंस तू," म्हणत त्याने गौरवीच्या कानशिलात अशी दिली की ती टेबलाच्या कोपऱ्यावर आदळली. भुवई फुटली. रक्त कीबोर्डच्या फटींत शिरलं. ते अजून तिथेच आहे. देवकी दारात उभी होती. पिन कुणी ओढली ते तिला ठाऊक होतं. पण गाव दणाणून सोडणारी ती जीभ टाळूला चिकटली.

दुसऱ्या दिवशी डिचोलीहून सिद्धी आली, कॉम्प्युटर दुरुस्त करणारी. तिने धूळ झाडली, पेनड्राईव्ह लावून त्याच्या आधाराने मला उठवलं. काळ्या पडद्यावर हुकूम लिहीत तुटकी फाईल शोधली आणि तिच्या जागी धड फाईल बसवली. गाणी जशीच्या तशी निघाली. मग माझी नोंद वाचून ती म्हणाली, "खंडेनवमीला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी वीज तोडली."

त्या वेळी गौरवी देवळात तोरण बांधत होती. सगळ्या गावाने पाहिलं होतं.

देवकी पुढे आली. "पिन मी ओढलंय. तिका मारलंस मां? आता माका मार."

गौरेश गौरवीची माफी मागू लागला. गौरवीने काही ऐकून घेतलं नाही. पुढची गाणी तुम्हीच लिहा, एवढंच सासूला सांगून ती बॅग भरून माहेरी पार्से गावी गेली.

आता दुपारी देवकी माझ्यापुढे एकटी बसते. एका बोटाने अक्षर शोधते. चार दिवसांत एकच ओळ झाली, आणि ते गाणं नाही: गौरवी, पिन मी ओढली, तोंड मी मिटलं.

ती ओळ मी जिवापाड जपली आहे. मित्रांनो, माझी पिन ओढण्याआधी कुणाला तरी विचारा. आणि हात उचलण्याआधी तो खिशात कोंबा. माझी फाईल बदलून मिळाली. भुवई बदलून मिळत नाही.