बघण्यापुरतं घर

मी सॅम्पल फ्लॅट बोलतोय. म्हणजे घरच, पण राहायचं नव्हे, बघायचं. शहर जिथे संपतं असं लोक समजत होते, त्याच्याही बरंच पुढे, एका गवताळ माळावर मला उभं केलं. माझ्यामागे बारा-बारा मजल्यांच्या चार इमारती होणार होत्या. त्या आतून कशा असतील हे लोकांना दिसावं, म्हणून आधी मी.

सुतारांनी मला तीन आठवड्यांत उरकलं. भिंती प्लायवूडच्या, वरून गुळगुळीत रंग. ओट्यावर दोन नळ, चकचकीत, पण त्यांच्यामागे पाइपच नव्हता. फ्रिज म्हणजे रिकामा खोका. खिडकीच्या जागी तळ्याचा मोठा फोटो, त्यामागे दिवा. त्यामुळे माझ्याकडे बाराही महिने सकाळच असायची. खोली ऐसपैस दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड केलेला. तो ठोकताना थोरला सुतार म्हणाला, यावर झोपणाऱ्याने गुडघे घरी ठेवून यावं. सगळे हसले. मी नवा होतो, मलाही गंमत वाटली.

सुट्टीच्या दिवशी माणसांची रीघ लागायची. घर बघायला आलेली माणसं हळू आवाजात बोलतात, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशी. बायका ओट्यावरून हात फिरवतात. पुरुष भिंतीवर टकटक करतात आणि पोकळ आवाज आला की दुसरीकडे बघतात. मुलांची तर खोल्यांची वाटणी करून भांडणंही सुरू झालेली असतात. सगळ्यांना सगळं दाखवायला एक तरुण मुलगी नेमलेली होती. तिला सगळे मॅडम म्हणत.

एका रविवारी एक नवराबायको आले. तो नुकताच निवृत्त झालेला पोस्टमन, ती घरी शिवणकाम करणारी. शहराच्या मधोमध एका भाड्याच्या खोलीत त्यांचा सगळा संसार झाला होता. आता ती जुनी इमारत पाडून तिथे टॉवर होणार होता आणि भाडेकरूंना वर्षभरात निघायला सांगितलं होतं. पोस्टमन मॅडमना सांगत होता की तो नोकरीला लागला तेव्हा त्याच्या वाटपातलं शेवटचं घर सायकलवर पंधरा मिनिटांवर होतं, आणि सुटला तेव्हा तासभर लागायचा. शहर त्याच्या डोळ्यांदेखत लांबलं होतं.

तो बोलत असताना शिंपीणबाईंनी पिशवीतून टेप काढली आणि पलंग मापला.

"पाच फूट दोन इंच," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाचा आहे का हा?"

मॅडमचा चेहरा उतरला. "तो फक्त दाखवायला आहे, मावशी."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं खरं आहे. माझ्या आईबाबांनीही इथेच घेतलंय."

हे खोटं नव्हतं. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून सह्या केल्या.

पहिली इमारत चौथ्या मजल्यापर्यंत आली आणि थांबली. आधी काँक्रीटचा मिक्सर गेला, मग मजूर, मग वॉचमन. खांबांतून वर आलेल्या सळ्या गंजायला लागल्या. मॅडम मात्र रोज यायची, चिडलेल्या लोकांना पुढच्या महिन्याचा वायदा द्यायची आणि ते गेले की बाथरूममध्ये जाऊन रडायची. तोंड धुवायला तिथे पाणी नव्हतं, म्हणून ओढणीने डोळे पुसून बाहेर यायची.

वर्ष संपत आलं तेव्हा ते दोघं पुन्हा आले. खोली सोडायला आठ दिवस उरले होते. मॅडमने या वेळी वायदा दिला नाही. ती म्हणाली, "मावशी, पाण्याची परवानगी कधी मिळालीच नव्हती. मला सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं. मिळेल असं वाटलं, म्हणून मी बोलले नाही." आणि तिने माझी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

शिंपीणबाईंनी किल्लीवरून नजर तिच्याकडे वळवली. मग विचारलं, "तुझे आईबाबा कुठे राहतात आता?"

"माझ्याकडेच. एका खोलीत."

बाईंनी किल्ली उचलली. माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

अशा रीतीने माझ्यात पहिल्यांदा माणसं राहायला आली. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी एकेक लबाडी त्यांच्या वाट्याला यायला लागली. पावसात भिंती फुगल्या. पाणी हमरस्त्यावरच्या टँकरवरून, बादल्यांनी. पोस्टमन पलंगापुढे स्टूल लावून त्यावर पाय ठेवायचा. तळ्याचा फोटो बाईंनी कात्रीने कापून काढला आणि पोस्टमनने मागचं प्लायवूड करवतीने कापलं. तेव्हा कुठे मला समजलं की माझ्यासमोर तळं नाही, राडारोड्याचा ढीग आहे. पण वारा आला. बाईंनी मशीन तिथेच मांडलं.

महिना झाला असेल, तेव्हा इथे घरं घेतलेले इतर लोक तावातावाने आले. त्यांच्यातले एक शाळामास्तर पुढे होऊन म्हणाले, "आम्ही दारोदार फिरायचं आणि तुम्ही आमच्या जिवावर इथे आरामात राहायचं?"

बाईंनी पायाखालचं मशीन थांबवलं. "तुम्हीही या की. जागा सगळ्यांचीच आहे. पाणी तेवढं ज्याने त्याने आणायचं."

मास्तरांनी माझ्या भिंतींना आलेली बुरशी बघितली, बादल्या बघितल्या आणि ते खुर्चीवर बसले. त्या दिवशी पहिल्यांदा ठरलं की एकट्याने रडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून कोर्टात जायचं. अडचण एकच होती. दोनशे कुटुंबं, पण अर्ध्यांचे पत्ते बदललेले. कोणी भावाकडे, कोणी आणखी लांब नव्या वस्तीत.

"पत्ते माझ्यावर सोडा," पोस्टमन म्हणाला.

तो जणू पुन्हा नोकरीवर रुजू झाला. रोज सकाळी यादी खिशात घालून निघायचा, शेजाऱ्यांना, वाण्याला, इस्त्रीवाल्याला विचारत एकेक माणूस हुडकायचा आणि अर्जावर सही घेऊन यायचा. दीड वर्षात त्याने एकशे नव्वद घरं शोधली. संध्याकाळी पाय चोळत बायकोला सांगायचा की माणसं हरवत नाहीत, फक्त लांब जातात.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी तो घामाने निथळत आला, दारातच बसला आणि पाणी मागितलं. दोन दिवस टँकर आला नव्हता. हंडा पालथा होता. बाई तांब्या घेऊन रस्त्याकडे धावल्या, तिथल्या चहावाल्याकडून पाणी घेऊन तशाच धावत आल्या. तोवर तो माझ्या भिंतीला टेकून शांत झाला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, पाण्याने काही फरक पडला नसता. असेल तसं. पण त्या दुपारी माझ्या ओट्यावर दोन नळ चकाकत होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. माझ्यासारख्या खोट्या वस्तूलाही लाज असते, हे मला तेव्हा कळलं.

त्याने गोळा केलेल्या सह्यांवर खटला उभा राहिला. अखेर कोर्टाने दुसऱ्या कंपनीला काम पुरं करायला लावलं. घरं ठरल्यापेक्षा लहान झाली, पण झाली. शिंपीणबाईंना तिसऱ्या मजल्यावर मिळालं. मास्तरांनी दोन माणसं लावून त्यांचं सामान वर नेलं.

माझ्या जागेवर गाड्या उभ्या राहणार आहेत. आज सकाळी जेसीबी आला. त्याआधी बाई खाली उतरल्या, हातात केरसुणी. कोपऱ्यांतली जळमटं काढली, दोऱ्याचे तुकडे, सुया, बटणं वेचली आणि आतल्या खोलीपासून दारापर्यंत मला नीट झाडून काढलं. ड्रायव्हर मशीन बंद करून उभा होता. न राहवून म्हणाला, "आजी, आता कशाला? अर्ध्या तासात काही राहणार नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण आपण राहिलेलं घर तसंच टाकून जात नाहीत."

राहिलेलं घर. मला बघायला हजारो माणसं आली, पण हा शब्द माझ्यासाठी कोणी वापरला नव्हता. त्या केर सुपलीत भरून बाहेर पडल्या. माझं दार त्यांनी ओढून घेतलं, कडी लावली आणि ड्रायव्हरला हाताने खूण केली.

लोकहो, पुढच्या माळावर आजच सुतार आले आहेत. तुम्ही बघायला जालच. जरूर जा. फक्त तिथे हळू आवाजात बोलू नका. मोठ्याने विचारा.