कधीच न अडलेली रायफल

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. सर्बियातल्या एका डोंगराळ गावात लग्न आहे. नवरीच्या अंगणात उंच खांब रोवलाय आणि त्याच्या टोकाला एक सफरचंद बांधलंय. नवऱ्याने बंदुकीने ते पाडल्याशिवाय नवरी घराबाहेर येत नाही. नेम चुकला की नवरीकडचे टाळ्या पिटतात, "अरे, चष्मा आणा कुणीतरी याला!" म्हणून ओरडतात. आता त्या गर्दीत पुढे उभी असलेली एक नऊ वर्षांची मुलगी बघा. तिचं नाव कोसारा. नवरी तिची आत्या होती.

त्या दिवशी नवऱ्याने पहिल्याच गोळीत सफरचंद पाडलं. एकच जल्लोष झाला. नवरीचा भाऊ, म्हणजे कोसाराचे वडील वेलिमिर, हात पसरून धावले आणि त्यांनी नव्या मेहुण्याला मिठी मारली. मिठीतच रायफल पुन्हा उडाली, आणि वेलिमिर तिथेच कोसळले.

नवरा बापाच्या जुन्या शिकारी बंदुकीवर शिकलेला. तिच्यात एक गोळी भरायची, उडवायची, की बंदूक रिकामी. ही रायफल मात्र सेमी-ऑटोमॅटिक होती. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत येऊन बसते, चाप ओढायची वाट बघत. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. रायफल होती कोसाराच्या आजोबांची, रादोसाव म्हाताऱ्याची. जावयाची फजिती होऊ नये म्हणून त्यांनीच ती गोळ्यांनी पूर्ण भरून दिली होती.

हे सगळं मागच्या शरद ऋतूतलं. आता वसंत आला होता, आणि सरकारने दवंडी पिटली होती: विनापरवाना हत्यारं आणून द्या, कुणी काही विचारणार नाही. मुदत संपली की मात्र तुरुंग. आजचा दिवस शेवटचा.

सकाळीच कोसाराच्या आईने, दसांकाने, बॅगा भरल्या होत्या. वेलिमिर गेल्यापासून ती सासऱ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. कोसाराला तिने सांगून ठेवलं होतं, "संध्याकाळी ती रायफल या घरात असली, तर आपण दोघी नाही." म्हणून कोसारा आजोबांना चिकटून बसली होती. आजोबांना सोडून तिला कुठेच जायचं नव्हतं.

पोलीस तिहोमिर अंगणातल्या बाकावर कॉफी पीत होता. तो याच गावचा.

"रादोसावकाका, आज मी पाहुणा म्हणून आलोय. उद्या यायला लावलंत तर बेड्या घेऊन येईन."

"तुझ्या बारशाला मी नाचलोय, गाढवा! तू मला बेड्या घालणार?"

"म्हणून तर आज आलो ना!"

"परवाना काढून दे मग. शिकाऱ्यांना मिळतो की."

"शिकारीच्या सेमी-ऑटोमॅटिकला मिळतो, काका, तोही डॉक्टरचा दाखला आणि कागदपत्रं असतील तर. तुमची युद्धातून घरी आलेली. तिच्या जन्माचाच कागद नाही."

"जन्म मला विचार!" म्हातारा उसळला. उभं आयुष्य त्याने शहरातल्या बंदुकांच्या कारखान्यात नळ्या तपासण्यात घालवलं होतं. "अक्रोडाचा दस्ता आहे, आजकालचं प्लास्टिक नव्हे. शंभर मीटरवर पाच गोळ्या मार, पाचही तळहाताखाली झाकतील. चिखलात पडली, बर्फात गोठली, पण एकदाही अडली नाही. आणि असलं काम तुम्ही भट्टीत घालणार?"

कोसारा आजोबांच्या तोंडाकडे बघत होती.

"आजोबा, कधीच नाही अडली?"

"कधीच नाही, बाळ."

"त्या दिवशीसुद्धा नाही?"

पोरीने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आजोबा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि आत गेले.

रायफल घेऊन आले तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात तेलाची बाटली आणि फडकं होतं. बाकावर बसून ते नळी पुसू लागले.

"काका, वितळवायचीच आहे ती," तिहोमिर हळूच म्हणाला. "तेल कशाला?"

"हाताला दुसरं काही येत नाही रे." थोडा वेळ ते पुसत राहिले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "एवढी चांगली नसती, तर माझा पोरगा आज असता. एक गोळी अडकली असती. एकच. कामात खोट असलेल्या बंदुका मी उभा जन्म कारखान्यात परत पाठवल्या, तिहोमिर."

त्यांनी नळीमागचा खटका मागे ओढून गोळीची जागा उघडली, आत बघितलं, बोट घालून चाचपलं, आणि पुन्हा बघितलं. "रिकामी आहे," ते म्हणाले. "तरी तूही बघ. माझ्या शब्दावर विसंबू नकोस. कुणाच्याच शब्दावर नको."

तिहोमिरने स्वतः तपासून घेतली, पोत्यात गुंडाळली आणि गाडीत ठेवली. मग टोपी सारखी करून तो निघून गेला.

आजोबा बाकावर बसून राहिले. तेलाने काळवंडलेले दोन्ही हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते, कुणीतरी काही देणार असल्यासारखे. दारात दसांका उभी होती. किती वेळ होती कोण जाणे.

"बाबा," ती म्हणाली. आवाज कोरडाच होता. "बीन्स शिजलेत. जेवायला चला."

आजोबांनी आपल्या काळ्या हातांकडे बघितलं. दसांका आत वळली, पण दार तिने उघडंच ठेवलं.

मग कोसाराने बाकावरचं फडकं उचललं, त्याची कोरडी बाजू शोधली, आणि आजोबांचं एकेक बोट धरून पुसायला लागली.