मीठ बरोबर आहे ना?

मी एक जुनी मीठदाणी आहे. जाड काचेची, बसक्या बांध्याची. डोक्यावर भोकं पाडलेली पत्र्याची टोपी आहे आणि तिला एका बाजूने पोचा आला आहे. मित्रांनो, जेवताना माझ्यासारखी कुणीतरी तुमच्या पुढ्यात असतेच. तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही, नुसता हात लांब करता. असा हात माझ्याकडे यावा म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. तो आला तेव्हा मात्र वाटलं, आला नसता तर बरं झालं असतं.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. लालभडक रस साच्यात ओतला, निवला, आणि मी झाले. माझ्याबरोबर मिरपुडीसाठी घडवलेली एक जुळी बहीणही होती. एका भावाने आम्हा दोघींना रंगीत कागदात गुंडाळून आपल्या बहिणीला भेट दिलं, कारण त्या दिवशी ती आणि तिचा नवरा स्वतःची खाणावळ उघडणार होते. जुळी बहीण पहिल्याच वर्षी फरशीवर पडून फुटली. मी राहिले.

ती खाणावळ म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरची एक लांबट खोली. भिंतीला लागून टेबलं, त्यांतल्या एका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी होती. मालक आत रांधायचे आणि खिडकीतून ताट बाहेर सरकवायचे. मालकीणबाई ते उचलून वाढायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला दारालगतच्या टेबलावर ठेवलं. मालक हात पुसत बाहेर आले.

"हे काय?"

"मीठ. भावाने दिलंय."

"टेबलावर मीठ? मग आत मी काय माशा मारतोय?"

"अहो, एखाद्याला जास्त लागतं."

"लागलं तर मला सांगेल. देवाने तोंड दिलंय ना?"

झालं. माझी रवानगी खिडकीच्या कडेच्या फळीवर झाली. तरी मालकीणबाई मला रिकामं ठेवत नसत. दमटपणाने मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात तांदळाचे चार दाणे टाकत आणि म्हणत, "असू दे. कधी कुणाला लागलं तर."

कुणाला लागलं नाही. पण त्या फळीवरून मला दोन्हीकडचं दिसायचं. आत चुलीवरची पातेली, बाहेर जेवणारी माणसं. मालकांची एक रीत होती. ताट गेलं की थोड्या वेळाने ते खांद्यावर फडकं टाकून बाहेर यायचे आणि प्रत्येक टेबलाशी जाऊन एकच विचारायचे, "मीठ बरोबर आहे ना?" जेवण कसं झालं, आवडलं का, असलं काही नाही. त्यांचं म्हणणं, आवड ज्याची त्याची, मीठ मात्र माझ्या अंगावर.

आणि माणसं खरं सांगत. रस्त्यापलीकडचा शिंपी रोज दुपारी यायचा. तो मालकांना 'बल्लव' म्हणायचा. एकदा पहिलाच घास घेऊन तो ओरडला, "बल्लवा, आज हात आखडलास रे! बायकोशी भांडलास की काय?" मालकांनी ताट उचललं, आत नेलं, डाळ पुन्हा चुलीवर चढवली. परत आणून ठेवली तेव्हा म्हणाले, "भांडलो नाही. तिने भांडायला वेळच दिला नाही." खोलीभर हशा पिकला. त्या हसण्यात मालकीणबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई दारालगतच्या टेबलाशी एकट्या बसायच्या. त्या कडक. "वाटाण्याला किंचित जास्त झालंय," एवढंच म्हणायच्या, पण मालक दुसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत दारात उभे राहायचे. बाईंनी मान हलवली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मित्रांनो, त्या खोलीत गालिचे नव्हते, झुंबरं नव्हती. लोक पुन्हा पुन्हा येत, कारण तिथे त्यांचं म्हणणं कुणीतरी ऐकून आत जाई.

त्या घरात एक मुलगी होती. शाळा सुटली की ती त्या डुगडुगणाऱ्या टेबलाशी बसून अभ्यास करायची आणि कंटाळा आला की मला फळीवरून काढून बाहुलीच्या जेवणावर मीठ शिंपडायची. माझा तेवढाच काय तो उपयोग. पुढे ती मोठी झाली, नोकरीला लागली, दूरच्या गावी राहायला गेली. सुट्टीला यायची. बाबांच्या हातचं जेवायची आणि तिसऱ्या दिवशी जायची.

मग एका हिवाळ्यात मालकीणबाई गेल्या. थोड्याच आजारात, कुणाला कळायच्या आत. त्यानंतर मालकांना ताप आला. अंथरुणातून उठले तेव्हा अर्धे झाले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, आता बंद करा हे. माझ्याकडे चला." ते म्हणाले, "आणि ही सगळी माणसं जेवायला कुठे जातील? तुझ्याकडे?" ती हसली आणि एकटीच परत गेली.

वाढायला त्यांनी एक बाई ठेवली. खाणावळ पुन्हा सुरू झाली. पहिल्याच सकाळी मी जे पाहिलं ते दुसऱ्या कुणीच पाहिलं नाही. मालकांनी डाळ चाखली. थांबले. पुन्हा चाखली. मग कच्चा कांदा घेतला आणि सफरचंदासारखा चावला. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा तसाच. शेवटी त्यांनी मला फळीवरून उचललं, टोपी काढली, तळहातावर मीठ ओतलं आणि चाटलं. सबंध तळहात चाटला. एखादं मूल रिकाम्या वाटीत बघतं तसे ते तळहाताकडे बघत राहिले. तापाने त्यांची चव नेली होती.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ज्याचं सगळं जिभेवर चालतं त्याने ती गेली हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय मुलीच्या कानावर गेलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप घातलं असतं. आणि त्यांना वाटलं, हात आहे की अजून. हाताला सवय आहे. हात चुकला तर माणसं सांगतीलच. आजवर सांगत आली आहेत.

त्या दुपारी हात चुकला. मालक दोनदा मीठ घालून बसले. आधीचं घातलेलं जिभेने सांगितलं असतं, पण जीभ मुकी होती. ताटं बाहेर गेली. फडकं खांद्यावर टाकून मालक शिंप्यापाशी आले.

"मीठ बरोबर आहे ना?"

शिंप्याच्या तोंडात घास होता. त्याने वर पाहिलं. उतरलेला चेहरा, सैल झालेला सदरा, आणि बाजूला जिथे मालकीणबाई उभ्या राहत ती रिकामी जागा. त्याने घास गिळला, वर पेलाभर पाणी प्यायला.

"झकास," तो म्हणाला. "अगदी पूर्वीसारखं."

मग शाळेच्या त्या निवृत्त बाईंकडे गेले. कडक बाईसुद्धा म्हणाल्या, "उत्तम."

मालक आत आले आणि भिंतीला टेकून त्यांनी श्वास सोडला. मी फळीवरून दोन्हीकडे बघत होते. बाहेरच्यांना वाटत होतं, बिचाऱ्याची बायको गेली, याला काय बोलायचं. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच, असंही त्यांना वाटलं असेल. आत एक माणूस त्यांच्या शब्दावर हाताचा अंदाज बसवत होता. ते 'झकास' म्हणाले म्हणून दुसऱ्या दिवशीही त्याने तेवढंच मीठ घातलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मला आहेत ती नुसती भोकं.

महिने गेले. कधी सगळं खारट, कधी अळणी. जुनी माणसं येत राहिली, निम्मं जेवून निम्मं पोळीच्या तुकड्याखाली झाकत राहिली, आणि झकास म्हणत राहिली. नवी माणसं एकदा येत. एक जोडपं आलं होतं. नवऱ्याने बायकोला हळूच विचारलं, "सांगायचं का?" ती म्हणाली, "जाऊ दे ना. आपल्याला कुठे परत यायचंय?" आणि खरंच, ती परत आली नाहीत. मालक रिकाम्या टेबलांकडे बघत. सगळे तर म्हणतात छान आहे, मग माणसं का तुटताहेत, हे काही त्यांना उमगत नव्हतं.

मुलगी सुट्टीला आली. जेवायला बसली. मालक समोर उभे.

"मीठ बरोबर आहे ना गं?"

ते जेवण मिठाशिवायचं होतं. तिने बापाकडे पाहिलं. आई गेल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नाही, असंच तिलाही वाटलं.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक बाजारात गेले असताना तिने मला फळीवरून काढलं, धुतलं, ताजं मीठ भरलं आणि दारालगतच्या टेबलावर ठेवलं. बाकीच्या टेबलांवर वाट्यांतून मीठ ठेवलं. मित्रांनो, मी किती वर्षं त्या टेबलाकडे बघत होते! दुपारी त्या कडक बाईंचा हात माझ्याकडे आला. त्यांनी मला ओंजळीत झाकून टेबलाच्या कडेखाली नेलं आणि मांडीवर ताट धरून चोरून मीठ शिंपडलं. जसं काही वाईट काम करत आहेत.

बाजारातून मागच्या दाराने थेट चुलीशी गेलेले मालक तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आले.

ते ओरडले नाहीत. बाईंनी मला घाईने वर ठेवलं. शिंपी पाण्याचा पेला धरून तसाच राहिला. मालकांनी एकेक टेबल पाहिलं, एकेक वाटी पाहिली. मग शिंप्यासमोरची खुर्ची ओढून बसले. गिऱ्हाइकासमोर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"कधीपासून?"

शिंपी म्हणाला, "बल्लवा, अरे आज जरा..."

"कधीपासून, विचारतोय."

"वहिनी गेल्या तेव्हापासून," शिंपी म्हणाला. "कधी खारट, कधी अळणी. तुला काय सांगणार होतो? तू आधीच मोडलेला."

"मग खात का होतास?"

"तुझ्या हातचं होतं."

मालकांनी मान हलवली. मुलगी खिडकीपाशी उभी होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "तापात माझी चव गेली, पोरी. मला काहीच लागत नाही. ते मी सोसत होतो. मला वाटायचं, माझी एक जीभ गेली तर गेली. एवढ्या सगळ्यांच्या आहेत की."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घालायचं विसरल्या. शिंपी म्हणाला, "अरे, एका शब्दाने बोलला असतास." मालक म्हणाले, "मी रोज विचारत होतो." ते रागाने म्हणाले नाहीत. म्हणूनच ते ऐकवेना.

मुलगी पुढे आली. "बाबा, उद्यापासून मी चव बघते. रजा वाढवते. मी सांगेन तुम्हाला, खरं सांगेन." शिंपीही म्हणाला, "मी सांगतो, शिव्या घालून सांगतो." मालकांनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. मला वाटतं, त्यांना विश्वास ठेवायचा होता. दोनचार दिवस त्यांनी तसं करूनही पाहिलं. मुलगी चमचा तोंडाशी नेई आणि म्हणे, "थोडं कमी आहे." ते चिमूट हातात घेऊन विचारत, "नक्की?" ती म्हणे, "नक्की." चिमूट तशीच हातात राही. पुन्हा विचारत, "मनापासून?" जेवढा तो प्रश्न मोठा होत गेला, तेवढा स्वयंपाक लहान होत गेला. बाहेर येऊन विचारणं तर त्यांनी सोडूनच दिलं. एका सकाळी चूल पेटली नाही. टेबलं गेली, पातेली गेली. मला मुलीने आपल्या पिशवीत घातलं.

मालक मुलीच्या घरी फार जगले नाहीत. थोडं खायचे, काही बोलायचे नाहीत. एका दुपारी तिने भाताची पातळ पेज केली आणि त्यांच्या अंथरुणाशी वाटी घेऊन बसली. दोन चमचे त्यांनी घेतले. तिने आपल्या वाटीतलं चाखलं आणि थबकली. त्यांना काही कळणार नव्हतं. ती गप्प बसली असती तरी चाललं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "मीठ घालायचंच विसरले मी. पार अळणी झालीय."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत कुणीतरी घरी आल्यासारखं दिसलं.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. आणि त्यांनी वाटी पुढे केली.

तिने मला उचललं. घाई झाली, म्हणून जास्तच पडलं. तेही तिने सांगितलं. त्यावर ते हसले आणि सगळी पेज संपवली. त्यानंतर चार दिवसांनी ते गेले.

आता मी त्या मुलीच्या टेबलावर असते. रोज भरली जाते, रोज पुसली जाते. माझी काही तक्रार नाही. पण मित्रांनो, तुम्ही लहान आहात, कुणाकुणाच्या घरी जाल, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या खोल्यांत जेवाल. कुणीतरी हात पुसत तुमच्यापाशी येईल आणि विचारेल. तेव्हा त्याचं मन राखायला गोड बोलण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे नीट बघा. हळू बोला, पण जे आहे ते बोला. तो माणूस कदाचित तुमच्या त्या एका शब्दाला धरून उभा असेल.