एंतिनच्या नावावर

“आणि मशीनचा नंबर विचारला तर?” एंतिनने विचारलं.

“एकेचाळीस. किती वेळा सांगू, तेतेह?”

“डोक्यात राहत नाही गं. माझ्या डोक्यात तेलाचे भाव.”

“तेवीस वर्षं राहिलाय असं दाखवायचंय तुला.”

कोकोमने तेतेहला, थोरल्या बहिणीला, कारखान्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. एंतिनच्या ओढणीला तळणाचा वास येत होता. ती बाजारात तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी विकायची. ओळखपत्र तिचं होतं आणि कारखान्याच्या वहीतलं नावही तिचंच होतं. काम मात्र तिने इथे एक दिवसही केलं नव्हतं.

तेवीस वर्षांपूर्वी या शर्टांच्या कारखान्याचं बोलावणं एंतिनला आलं आणि त्याच आठवड्यात तिचं लग्न ठरलं. वडील म्हणाले, आलेली जागा वाया कशाला घालवायची? मग चौदा वर्षांची कोकोम थोरलीचा शाळेचा दाखला घेऊन आली. इंडोनेशियातल्या बांडुंगच्या दक्षिणेकडच्या त्या गावांत अशा कितीतरी मुली बहिणीच्या, मावशीच्या दाखल्यावर लागल्या होत्या. त्यात कुणाला खोटं वाटत नसे. नोकरी घराला मिळते, नाव कुणाचं का असेना. पगार पाकिटातून हातात मिळायचा आणि ओळखपत्र कुणी मागत नसे. कोकोम घरी कोकोम होती आणि फाटकाच्या आत एंतिन.

मग अमेरिकेतल्या दुकानांनी शर्ट घेणं थांबवलं. आधी जादा काम बंद झालं, मग शनिवार, मग शिलाईच्या तीन लाइनी. कमी करायच्या बायकांची यादी लागली तेव्हा कामगार संघटनेच्या बाईने सांगितलं की घाबरू नका, कायदा आहे, जितकी वर्षं तितकी भरपाई. ते खरंही होतं. फक्त यादीच्या खाली एक ओळ होती : मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहावे. इतकी वर्षं कारखान्याला कायदा वाचता येत नव्हता. मंदी आली आणि येऊ लागला.

“अर्धे माझे,” एंतिन हळूच म्हणाली.

“ठरलंय ना.”

“आठवण करून दिली. नाव माझं झिजलंय.”

“आणि डोळे माझे,” कोकोम म्हणाली.

आत जिल्ह्याच्या कामगार कचेरीतून आलेल्या मध्यस्थ बाई बसल्या होत्या, बू विवीन, म्हणजे विवीनबाई. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. शेजारी कारखान्याचे पाक ओमोन, म्हणजे ओमोनसाहेब. भरती त्यांच्याकडे आणि काढून टाकणंही त्यांच्याकडे. कोपऱ्यात एक जुनं शिलाई मशीन होतं. नवीन आलेल्या प्रत्येक बाईला त्यावर एक कॉलर शिवून दाखवावी लागे. चौदाव्या वर्षी कोकोमचा पाय पेडलला पोचत नव्हता. तेव्हा तरुण असलेल्या ओमोननीच पायाखाली फळी सरकवली होती आणि हसून विचारलं होतं, “पोचला का पाय, एंतिन?”

आज त्यांनी कोकोमकडे पाहिलंच नाही.

“ह्या कोण?” बू विवीननी विचारलं.

“धाकटी बहीण. सोबतीला आलीय,” एंतिन म्हणाली.

ओळखपत्र वहीशी जुळलं. जन्मतारीख, वडिलांचं नाव, गाव, सगळं जुळलं. बू विवीननी शिक्का उचलला.

“एक मिनिट, बू,” पाक ओमोन शांतपणे म्हणाले. “कंपनीची एक शंका आहे. यांनी एक कॉलर शिवून दाखवावी. तेवीस वर्षांच्या हाताला काय, दोन मिनिटं.”

एंतिनने बहिणीकडे पाहिलं. मग ती मशीनवर जाऊन बसली. तिने सुईत दोरा उलट्या बाजूने घातला आणि पेडल दाबलं. कापड एकदम पुढे पळालं, सुई कट्‌ करून मोडली.

“वय झालं, पाक. हात कापतात,” ती म्हणाली.

“गेल्याच महिन्यात दिवसाला तीनशे कॉलरी होत होत्या की,” ओमोन म्हणाले. “वहीत आहे.”

एंतिनने नवी सुई मागितली. तीही तिला बसवता येईना. कपाळावरचा घाम ओढणीने पुसत ती मशीनवर वाकून राहिली. भज्यांच्या गाडीवर पोलिसांचंही न ऐकणारी बाई.

“तेतेह, ऊठ,” कोकोम म्हणाली.

“गप बस गं.”

“ऊठ.”

कोकोम बसली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. तिने सुई बसवली, दोरा ओवला, कापडाकडे न बघताच कडा जुळवल्या. मशीन एका सुरात चाललं. तिने कॉलर उलटवली, दोन्ही टोकं काढली, दोरा तोडला आणि कॉलर टेबलावर ठेवली.

बू विवीननी कॉलर उचलून तिची दोन्ही टोकं तपासली.

“तुमचं नाव?”

“कोमारियाह. घरी कोकोम म्हणतात.”

त्यांनी वहीची पानं उलटली. “या नावाचं इथे कुणीच नाही.”

“नाही, बू.”

“पाक ओमोन, यांना कामावर कुणी घेतलं?”

“मी वहीबाहेरचं काय सांगणार, बू? वहीत एंतिन आहे.”

बू विवीननी चष्मा काढला. “वहीत आहेत त्यांनी काम केलेलं नाही. ज्यांनी काम केलंय त्या वहीत नाहीत. कोर्टात जायचा हक्क आहे तुम्हाला. पण तिथे आधी दाखल्याची चौकशी होईल, मग भरपाईची. मी फसवून सांगणार नाही.” त्यांनी एका चिठ्ठीवर ‘कोमारियाह’ लिहिलं, ती कॉलरीला टाचली आणि फाइलकडे हात नेला.

“कापड कंपनीचं आहे,” पाक ओमोन म्हणाले. त्यांनी टाचणी काढून कॉलर चिंध्यांच्या खोक्यात टाकली. चिठ्ठी कोकोमच्या हातात दिली.

बाहेर आल्यावर एंतिन म्हणाली, “सकाळचा धंदा बुडाला.” थोड्या वेळाने म्हणाली, “मला शिवायला शिकवायला हवं होतंस गं.” मग ती पुढे चालू लागली.

फाटकापाशी कोकोमने सवयीने दोन्ही हात बाजूला पसरले. पहारेकरी ओनेंग रोज संध्याकाळी अशीच सगळ्यांची झडती घ्यायची, कुणी सूतगुंडी नेऊ नये म्हणून. तिनेही सवयीने खिसे चाचपले. हाताला चिठ्ठी लागली.

“एंतिन, ही कोमारियाह कोण गं?”

कोकोमने चिठ्ठी परत घेतली आणि घडी घातली.

“होती एक,” ती म्हणाली. “आमच्याच लाइनीला.”