बरकत आहे, साहेब

अरे, तेव्हाच्या अबुधाबीत होतं काय! वाळू, समुद्र आणि तेलवाल्यांच्या जीपा. अडुसष्ट साल. समुद्राकाठी एका जपानी तेल कंपनीचं गेस्ट हाऊस होतं, आणि तिथला कुक म्हणजे आपला दाभोळचा हमदुल्ला. चार वर्षांत घर बघितलं नव्हतं बिचाऱ्यानं.

तिथं एक पाहुणा आला, मुरोझुमी साहेब. कोण माहितीय? जपानचा डिफेन्स मिनिस्टर! म्हणजे, आदल्या वर्षापर्यंत. आधी नेव्हीत, मग पाच वेळा निवडून आला, मग मंत्री, आणि सातव्या महिन्यात खुर्ची गेली. आता पक्षानं त्याला ‘तेलाचं काय ते बघून या’ म्हणून धाडलेला. खरं तर नजरेआड केलेला. भेटायला कोणी यायचं नाही. एवढा मोठा माणूस, आणि बारा खुर्च्यांच्या टेबलावर एकटा जेवायचा! तिसऱ्या दिवशी त्यानं हमदुल्लालाच समोर बोलावलं. “कुक, सिट.” हा बसला, खुर्चीच्या अगदी टोकावर. दोघंही भात-मासे खाणारे, दोघांचंही इंग्रजी जहाजावरचं. जमलं.

एका दुपारी साहेबानं विचारलं, “उद्या दुबईची लाँच येतेय. राइस मागवायचा?”

तांदळाचा डबा खडखडीत रिकामा! पण सवयीनं हमदुल्लाच्या तोंडून काय निघावं? “बरकत आहे, साहेब. फुल बरकत.”

बरकत म्हणजे भरपूर, एवढं अरबांत राहून साहेबाला कळलं होतं. लाँच आली, गेली. दुसऱ्या दिवशी ताटात नुसता मासा.

“अरे, तू तर भरपूर म्हणालास!”

हमदुल्ला कानकोंडा झाला. “साहेब, आमच्यात ‘संपलं’ असं तोंडानं म्हणत नाहीत. डबा रिकामा झाला की म्हणायचं, बरकत आहे.”

साहेब एवढा हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाला,

“मी ‘संपलं’ म्हणालो होतो. पार्लमेंटमध्ये. विचारलं, लढाई झाली तर दारूगोळा किती पुरेल? मी म्हणालो, आठवड्यात संपेल. खरं होतं. खुर्ची गेली.”

त्यानं खिशातून पक्षाची तार काढली. एक ओळ लिहून द्या, चुकून बोललो, साठा भरपूर आहे. खुर्ची परत.

“मग लिहा की साहेब! एका ओळीचं तर काम!”

“बरकत लिहू?”

“लिहा ना!”

“आणि लाँच निघून गेली की मग?”

हमदुल्ला ताटं गोळा करायला लागला. साहेबानंच विषय बदलला. “तुझ्या घरी सगळं ठीक?”

“एकदम! बायकोचं, खैरुन्निसाचं पत्र आहे ना.” पाच महिने उशाशी ठेवून पत्र पाठ झालं होतं. त्यानं म्हणून दाखवलं, “घरी सगळ्याला बरकत आहे, तुम्ही काळजी करू...”

जीभ तिथंच अडली. पाच महिने वाचत होता रे तो!

सकाळी साहेबानं उत्तराचा कागद दिला. ‘बोललो ते खरं होतं.’ हमदुल्ला तारघराच्या खिडकीशी कितीतरी वेळ तो कागद धरून उभा. वाटलं, टाकावा फाडून, मिळेल माणसाला खुर्ची परत. पण दिला. मग स्वतःसाठी एक फॉर्म मागितला. ‘बरकत कुठली? खरं कळव.’

“बरकत म्हणजे काय?” खिडकीतल्या गोवेकर बाबूनं विचारलं.

“तू पाठव रे बाबा!”

साहेब शुक्रवारच्या विमानानं गेला, बिनखुर्चीचाच. निघताना कमरेत वाकला आणि म्हणाला, “राइस मागव.” बस्स. त्यानंतर बारा खुर्च्या आणि हमदुल्ला. जेवताना तो अजून टोकावरच बसायचा, समोर कोणी नसलं तरी.

आठव्या दिवशी दाभोळची तार आली. दोनच शब्द. ‘संपलं. या.’

त्याच दुपारी लाँच लागली. नाखवा ओरडला, “हबीबी, काय हवंय?”

“तांदूळ संपलेत,” हमदुल्ला म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला. आणि मग म्हणाला, “परत जाताना एक माणूस बसेल का?”