गुलाबची ओ

बालवाडीतली पोरं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती. अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण, आंधळगावच्या पलीकडचं एक लहान गाव, आणि सुखराम पटलाच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, तोंडावर बोट ठेवून बसलेली पोरं. मी पंचायत समितीची मुख्यसेविका. बालवाड्या तपासणं माझं काम. शांत पोरं बघून खूश होणाऱ्यांतली मी नाही. चार वर्षांचं पोर गप्प बसलं की एक तर त्याला ताप असतो, नाहीतर त्यानं काहीतरी फोडलेलं असतं.

मनकर्णाबाई, तिथल्या शिक्षिका, मात्र फुलून गेल्या होत्या. "पाहा बाई, एक पोट्टा हालत नाही," असं म्हणत त्या हजेरी घेऊ लागल्या. "गुलाब!" ओ आली नाही. चटईवरची तिची जागा रिकामी होती.

"आत्ताच तं होती! तुम्ही आल्या तवा इथंच होती!"

घरामागे बोडी होती. एरवी गुडघाभर पाण्याचं ते तळं श्रावणात काठोकाठ भरलेलं. गुलाबची आई धानाच्या रोवण्याला, लावणीला गेलेली. मी काठावर धावले, "गुलाब! ए गुलाब!" म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडले. चिखलात लहान पावलं उमटली होती. कुणाची, कोण सांगणार? सुखराम पटील काठी घेऊन पाण्यात उतरले.

पुन्हा हाक मारणार, तोच मनकर्णाबाईंनी माझा दंड धरला.

"बाई, तुम्ही आवाज नोका देऊ."

"काहून?"

"मीच पोराइले सांगतलं, आज सुईवाली बाई येऊन राहिली. जो बोलन त्याले टोचन, अन् झोळीत टाकून नेन. तुमच्या भेवानंच लपली असन."

म्हणजे मी जितकी ओरडत होते, तितकी ती पोर दम धरून बसत होती. असा संताप आला की बाईच्या झिंज्याच धराव्यात. पण आधी पोर. मी घराकडे वळले, खांद्यावरची झोळी भिंतीमागे टाकली नि तोंडाला पदर लावला.

"गुलाब, गेली वं सुईवाली बाई!" मनकर्णाबाई घरभर हाका मारू लागल्या. काही नाही.

"खोट्यावर खोटं नको," मी हळूच म्हटलं. "खरं सांगा तिला."

त्यांनी डोळे पुसले. "गुलाब, सुईवाली बाई नाहीच वं माय. मी खोटं बोलली. चुकली मी."

धान ठेवायच्या रिकाम्या ढोलीतून हुंदका आला. बाहेर काढली तेव्हा पोर घामानं भिजलेली, आणि मूठ तोंडात कोंबलेली.

"आता माही नोकरी जाईन नं बाई?"

"नोकरीचं नंतर. तुमची पोरं स्वच्छ असतात, तुम्हाला ढीगभर गाणी येतात, ते मी पाहिलंय. पण भेव घातलेलं पोर ओ देत नाही, मनकर्णाबाई. उद्या खरंच बोडीत पडलं तरी देणार नाही."

गुलाबला मांडीवर घेऊन त्यांनी पुन्हा नाव पुकारलं. पोरीनं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"रोज पुकारा," मी म्हटलं. "मोठ्यानं ओ देईल त्या दिवशी मला निरोप धाडा. तोवर मी इथं पाय ठेवणार नाही."

निरोप आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.