जावयाने आणलेली बाटली

विनोदने बाटलीचं बूच काढलं आणि काही न विचारता ती थेट फय्याजच्या नाकाखाली धरली. फय्याजने डोकं असं झटक्यात मागे घेतलं की ते रॅकवर आपटलं आणि वरून कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा त्याच्या खांद्यावर पडला.

"अबे, पागल झाला काय?" खांदा चोळत फय्याज ओरडला. "नमाज पढून आलो मी आत्ता. अन् तू दारू धरून राह्यला तोंडासमोर?"

"तोंडासमोर नाई, नाकासमोर. तुले पी कोन म्हनते? वास घे फक्त."

मंगरूळपीरच्या तहसील कचेरीसमोर विनोद तायडेचं झेरॉक्सचं दुकान होतं. दुपारी कचेरीत जेवणाची सुट्टी झाली, तसं त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि फय्याजला फोन करून 'लय अर्जंट' म्हणून बोलावून घेतलं. फय्याजला वाटलं, याची शुगर वाढली. दर्ग्याजवळचं आपलं अत्तराचं दुकान मुलीच्या, जिकराच्या, भरवशावर टाकून तो उन्हातून धावत आला. आणि अर्जंट काय, तर मागच्या खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये दडवलेली ही बाटली.

संताप यायचाच. अख्ख्या गावाला फय्याजचं नाक म्हणजे नगरपालिकेचा नळ वाटायचा. कोणी तुपाची बरणी घेऊन यायचं, कोणी मधाची बाटली. एका वकिलाने तर नव्या गाडीत उंदीर मेलाय का, ते सांगायला त्याला घरून उचलून नेलं होतं. चाळीस वर्षांचा दोस्त तेवढा या सगळ्यातून शहाणा असेल असं वाटत होतं, पण तोही यांच्याच पंगतीतला निघाला.

"जावायानं आनली," विनोद म्हणाला. "पुन्याहून. मागच्या आठवड्यात आल्ते ना ते दोघं. स्कॉच हाय म्हने, सिंगल माल्ट. मी तं खुश झालो बाप्पा. अन् घोट घेतला तं काय सांगू तुले."

सांगू म्हणाला खरा, पण सांगायच्या आधी त्याने थर्मासच्या झाकणात बोटभर ओतली, एक घोट घेतला आणि एरंडेल दिल्यासारखं तोंड केलं.

"पाह्य. पयले गोड लागते. मंग एकदम दवाखाना. जखमेची पट्टी जाळल्यावानी. अन् गिळल्यावर पंधरा मिंट घशात धुराची धुपन चालू राह्यते. सोडा टाकून पाह्यला, बरफ टाकून पाह्यला. बरफ टाकला तं अजूनच दवाखाना." मग त्याने खोका उचलून चष्मा कपाळावर सरकवला. "अन् ह्यावर छापलं काय, तं धूर, समुद्राचं मीठ अन् आयोडीन. आयोडीन, फय्याज! मानसानं प्याचं का लावून घ्याचं?"

"मंग तशीच असन ती."

"तशीच कशी? धूर तिकडचे लोकं मुद्दाम देतात म्हने. जमिनीतला काळा चिखल खंदतात, वाळवतात, अन् त्याच्या धुरावर जव सुकवतात. मोबाईलवर वाचलं मी सगळं. अजूनबी वाचलं. ह्या जातीतली सगळ्यात सस्ती हे हाय. चांगल्या बाटलीवर दहा साल, बारा साल असं वय लिहिलेलं राह्यते. ह्याच्यावर वयच नाई."

आता फय्याजला खरं दुखणं समजलं. बाटलीचं नव्हतंच ते. पौर्णिमा ही विनोदची एकुलती एक मुलगी. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, तेव्हापासून विनोद जावयाच्या हातून काहीतरी चुकायची वाट पाहत बसला होता. प्रसेनजित बिचारा इतका सरळ पोरगा की वर्षभर चुकलाच नव्हता. आता ही बाटली सापडली होती. विनोदची बायको रत्नमाला हिने तर पहिल्याच दिवशी बाटली घराबाहेर काढली होती. सकाळी पंचशील म्हणायचं आणि संध्याकाळी हे, असं तिचं म्हणणं. शिवाय पडद्यांना आग विझवल्यासारखा वास बसला, तो वेगळाच.

"मले एवढंच सांग," विनोद म्हणाला, "का हे खरी हाय का नकली. तुह्या नाकासारखं नाक वाशीम जिल्ह्यात नाई. तू सांगशीन ते फायनल."

फय्याजने खाली पडलेला कागदांचा गठ्ठा उचलून रॅकवर ठेवला. त्याला वास येत नव्हता.

चार वर्षं झाली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो वाचला, पण वास गेला तो गेलाच. सुरुवातीला रोज पहाटे उठून तो केवड्याची कुपी हुंगायचा, मग खसची, मग गुलाबाची, आणि दर वेळी बूच लावून परत ठेवायचा. हे फक्त जिकराला ठाऊक होतं. दुकानातल्या अत्तरांचे सगळे मेळ तीच बसवायची, आणि त्याला ओळखता याव्यात म्हणून कुप्यांच्या बुडाला तिने बारीक रंगीत ठिपके लावले होते. अब्बा, सांगून टाका आता लोकांना, असं ती महिन्यातून एकदा तरी म्हणायची आणि दर वेळी फय्याज तिच्यावर डाफरायचा. अकोल्या-कारंज्याहून लोक लग्नाचं अत्तर त्याच्याकडून निवडून घ्यायला येत. नाक नसलेल्या अत्तरवाल्याकडे कोण कशाला येईल? बापाच्या काळापासूनचं दुकान आपल्या हाताने बंद पडेल, ही भीती त्याला जेवतानाही सोडत नसे.

म्हणून तो सोंग करायचा. कापसाचा फाया नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, मनात एक-दोन-तीन म्हणायचं, आणि डोळे उघडले की समोरच्याचा चेहरा वाचायचा. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असतं ते त्याच्या भुवयांवर लिहिलेलं असतं. तेच फय्याज बोलून दाखवायचा आणि लोक म्हणायचे, वा, काय नाक आहे. अलीकडे तर तो श्वाससुद्धा आत घेत नसे. घेऊन काहीच मिळत नाही, त्यापेक्षा न घेतलेला बरा.

"आन तो कागद," तो वैतागून म्हणाला. एकदाचं उरकावं आणि सुटावं.

विनोदने कोऱ्या कागदाची पट्टी फाडून तिच्यावर दोन थेंब टाकले. फय्याजने ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले. एक, दोन, तीन. डोळे उघडले. विनोदचा चेहरा निकालाला उभ्या राहिलेल्या माणसासारखा झाला होता, आणि त्याला कोणता निकाल हवा होता ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"नकली," फय्याज म्हणाला. "स्पिरिट हाय. वरून रंग."

"पाह्य! मी म्हनत नव्हतो?" विनोदने मांडीवर थाप मारली आणि फय्याज थांब म्हणेपर्यंत फोन लावला. तोही स्पीकरवर.

"बाबा, मी हापिसात आहो," पौर्णिमाचा दबका आवाज आला.

"तुह्या नवऱ्यानं आनलेली बाटली नकली हाय. फय्याजचाचानं वास घेऊन सांगतलं. इथंच बसून हाये तो."

पलीकडे खुर्ची सरकली, दार लागल्याचा आवाज आला.

"चाचा," ती म्हणाली, "तुमी सोता वास घेतला?"

फय्याजच्या हातात अजून ती पट्टी होती.

"घेतला, बेटा."

"तो पीत नाई, चाचा. त्याले त्यातलं कायी समजत नाई. बाबाले सोताच्या हातानं कायीतरी द्याचं म्हनून तीन दुकानं फिरला तो. दुकानदाराले इचारत बसला, का सासऱ्याले कोनती आवडन."

"तीन दुकानं फिरून ह्ये आनलं?" विनोद उसळला. "रिकामी बाटली आनून भरली असन त्यानं! सासरा खेड्यातला, त्याले काय समजते! म्हना त्याले, धम्मचक्र दिनाले दीक्षाभूमीवर तुमचे तुमी जा. माह्या दारात येऊ नको म्हना."

"बाबा, ऐका तं..."

"नाई ऐकत. फय्याज कधी चुकला काय आजपावतर?"

पौर्णिमाने फोन ठेवला. ठेवण्याआधी नाक ओढल्याचा आवाज मात्र दोघांनीही ऐकला, आणि दोघांनीही ऐकला नाही असं दाखवलं.

ही पोरगी फय्याजच्या दुकानात बाकावर बसून मोठी झाली होती. एका थापेने त्याने तिचं माहेर बंद केलं होतं, आणि तेही कशासाठी, तर एकदाचं सुटायची घाई होती म्हणून. राग स्वतःवर होता, पण समोर विनोद होता.

विनोद बाटली उचलून मागच्या दाराशी गेला. तिथे उघड्यावर भांडी घासायची फरशी होती, दुपारच्या उन्हाने तव्यासारखी तापलेली. त्याने बाटली तिच्यावर सरळ उलटी केली.

"तुले अक्कल हाय काय बे?" त्याच्या मागे जात फय्याज ओरडला. "पोरीले रडवलं तू. अन् येवढ्याशा गोष्टीसाठी..."

पुढचं बोलायला त्याने छातीभर श्वास घेतला. आणि बोलणं तिथेच राहिलं.

धूर. कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवल्यावर निघतो तसा, जड, डोळ्यांत जाणारा धूर. कुठे काय जळतंय म्हणून त्याने आधी आजूबाजूला पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, शेजारच्या भिंतीवरून पाहिलं. मग त्याला कळलं की काहीच जळत नाहीये, फरशीवरून वास येतोय. त्याला वास येतोय. त्याने पुन्हा श्वास ओढला. धुराखाली दवाखान्याचा तो तिखट वास होता, विनोद म्हणाला होता तोच. त्याच्याही खाली, अगदी तळाला, भाजलेल्या जवासारखं काहीतरी गोड, आणि मिठाचा एक ओला वास.

"थांब! ओतू नको!"

त्याने झडप घालून बाटली हिसकावली. तळाशी चार बोटं उरली होती. ज्या बाटलीला हात लावायला मघाशी तो तयार नव्हता, तिच्या तोंडाशी नाक लावून तो उकिडवा बसला आणि लहान पोरासारखं हुंगत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"या अल्ला," तो पुटपुटला, आणि रडता रडता पुन्हा वैतागला. "चार साल गुलाब मांगतला तुझ्याजवळ. चार साल! अन् देल्लं काय, तं हे?"

विनोद पाहतच राहिला. "फय्याज? काय झालं बे? चक्कर आली काय?"

"खरी हाय हे."

"काय?"

"खरी हाय. सस्ती असन, धूर पोरासोरासारखा पुढं पुढं करते, दम नाई तिले. जास्त दिवस पिपात राह्यली नसन. पन नकली नाई. धुरामागं जव हाय, मीठ हाय. स्पिरिटमदी कोनी एवढं भरत नाई."

"मघाशी नकली, आता खरी?" विनोद भडकला. "माह्या पोरीच्या संसाराची मजाक लावली काय तू? कोनतं खरं मानू मी?"

प्रश्न बरोबर होता. फय्याजकडे त्याला एकच उत्तर होतं. बाटली खाली ठेवून तो उठला, बाहीने तोंड पुसलं.

"फोन लाव पौर्णिमाले."

"कायले?"

"लाव म्हनतो ना."

रिंग जात होती तेवढ्या वेळात फय्याजला वाटलं, अजून टळेल. तिने उचलला नाही तर टळेल. दुसऱ्या नाकपुडीने हुंगलं, नीट हुंगलं नव्हतं, असं काहीही सांगता येईल. तिने उचलला.

"बोला," ती म्हणाली. आवाज जाड झाला होता.

"बेटा, मी चाचा. मघाशी मी वास घेतलाच नव्हता. खोटं बोललो. मले चार सालापासून वास येत नाई. कोरोनात गेला. बाटली खरी हाय, प्रसेनजितले म्हना चाचानं माफी मांगतली."

विनोदचं तोंड उघडं राहिलं. बाहेर कोणीतरी शटर वाजवून सातबाऱ्याची झेरॉक्स मागत होतं.

"वास येत नाई," पौर्णिमा हळूच म्हणाली, "तं माह्या लग्नातलं अत्तर?"

"ते जिकरानं निवडलं, बेटा. मी निस्ते डोळे मिटून उभा होतो."

"चाळीस साल झाले," विनोद म्हणाला. चिडला होता, पण आवाज नेहमीचा निघेना. "चाळीस साल. मले तं सांगाचं होतं."

"तुले? तुले सांगतलं असतं तं अर्ध्या घंट्यात तहसीलमदी झेरॉक्स वाटल्या असत्या."

"मंग चाचा," पौर्णिमाने विचारलं, "बाटली खरी हाय ते तुमाले कसं समजलं?"

"आत्ता आला वास. चार सालानं. ह्याच बाटलीचा."

"खरंच? अजून येऊन राह्यला?"

फय्याजने वाकून बाटली उचलली. नाकाशी धरली आणि पोट आत जाईपर्यंत श्वास घेतला. काही आलं नाही. त्याने तोंड दुसरीकडे फिरवून नाक शिंकरलं, पुन्हा घेतला. विनोदचा चेहरा समोरच होता, आणि त्याला काय ऐकायचं आहे ते त्याच्या भुवयांवर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"नाई," फय्याज म्हणाला. "आता नाई येत."

विनोदने रागारागाने बूच शोधलं, लावायला गेला, आणि न लावताच बाटली पुन्हा फय्याजच्या नाकाखाली धरली.

"मंग पुन्हा घे ना बे," तो खेकसला. "घाई कोनाले हाय?"